एक जून आणि वसुधाची साक्ष

माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. पंचवीस वर्षं अशा बाईबरोबर संसार करून बघा, मग कौतुक करा. लोक म्हणतात, "काका, भाग्यवान आहात." लोकांचं काय जातं! ते तिला महिन्यातून एकदा मंडळाच्या कार्यक्रमात भेटतात, आणि तेवढंही जपून भेटतात. आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा तिथे, कुणीही वसुधाला "भाजी कशी झालीय?" असं विचारत नाही. एकदा नवीन आलेल्या एका मुलीनं विचारलं होतं. त्या मुलीनं पुढे थेट व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला घर घेतलं. भाजीमुळेच घेतलं असं मी म्हणत नाही.

हा गुण तिला वडिलांकडून आला. माझे सासरे कराडच्या कोर्टात कारकून होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याच्याकडून शपथ वदवून घ्यायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. "खरं सांगेन, खोटं सांगणार नाही" हे वाक्य त्यांनी इतक्या खोटारड्यांच्या तोंडून ऐकलं होतं की घरी आल्यावर त्यांना कुणाचं काहीच खोटं खपायचं नाही. त्यांना दोन मुली. थोरली अहिल्या लग्न होऊन साताऱ्याला गेली आणि चार माणसांसारखी व्यवहाराला लागली. धाकटी वसुधा मात्र वडिलांच्याच तालमीत पक्की झाली आणि माझ्या गळ्यात पडली.

ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत अधिकाऱ्यानं हसत विचारलं होतं, "तुमची दोघांची ओळख कशी झाली?" आता यावर किती बोलायचं? घरच्यांनी ठरवलं, संपलं. ही म्हणाली, "मला बघायला आलेले हे चौथे. मला दुसरे पसंत होते, पण त्यांच्याकडून नकार आला." अधिकाऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच शिक्का मारला. निव्वळ दया आली म्हणून मारला, याबद्दल मला शंका नाही.

नागरिकत्वाच्या अर्जात तर एक प्रश्न असतो, की अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? सगळं जग तिथे "नाही" लिहितं. आमच्या बाईनं "होय" लिहून वर पुरवणी जोडली. सन १९६९, कराड ते मिरज, विनातिकीट रेल्वेप्रवास, एक वेळ. शिवाय कॉलेजच्या लायब्ररीतलं पाककृतींचं पुस्तक, अद्याप आमच्याकडेच. माझा अर्ज पाच महिन्यांत मंजूर झाला, तिचा दीड वर्षानं. विमानतळावर कस्टमवाल्यानं "खाण्याचं काही आणलंय का?" असं विचारलं की ती पर्समधून यादी काढून वाचून दाखवते. मागच्या खेपेला यादीत सतरा जिन्नस होते, त्यातला शेवटचा "बेसनाचा लाडू, अर्धा". त्या अर्ध्या लाडवापायी त्यांनी दोन्ही बॅगा उघडल्या आणि आमचं वर्षभराचं लोणचं गेलं.

हे सगळं माहीत असताना आमच्या निमिषनं तिला साक्षीदार म्हणून न्यावं, याला काय म्हणायचं? विनाशकाले विपरीत बुद्धी.

निमिष म्हणजे अहिल्येचा मुलगा, माझ्या बायकोचा सख्खा भाचा. पुण्याला इंजिनियर झाला आणि दोन हजार साली इथे न्यू जर्सीत नोकरीला आला. आमच्यापासून दोन मैलांवर अपार्टमेंटमध्ये राहायचा. त्याचं लग्न ठरलं ते आश्लेषाशी. ती जन्मानं अमेरिकन, मिशिगनमधल्या ट्रॉयची. वडील मोटार कंपनीत, आई शाळेत. पोरगी वकील झाली आणि वकील ठेवायची ऐपत नसते अशा आरोपींना सरकार फुकट वकील देतं, त्या कचेरीत काम करू लागली. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र निम्म्या वाटेवर इंग्रजी पकडायची.

लग्नाचा दिवस ठरला शनिवार, दहा जुलै २००४. मुहूर्त दहा सत्तेचाळीस. आता इथे नुसत्या मंगलाष्टकांनी सरकार तुमचं लग्न मानत नाही. आधी टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत वर, वधू आणि त्यांना ओळखणारा एक साक्षीदार अशा तिघांनी जाऊन लायसन्ससाठी अर्ज करायचा. मग पूर्ण बहात्तर तास थांबायचं. त्यानंतर लायसन्स हातात येतं आणि त्यावर गुरुजींनी सही करायची. आमचे विवेकगुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेचे डेटाबेस सांभाळतात, त्यामुळे नियमाला फार पक्के. "आधी लायसन्स, मग अंतरपाट," हे त्यांनी निमिषला ईमेलनं कळवलं होतं.

निमिषनं लग्नासाठी एकशे त्रेचाळीस ओळींची एक्सेल शीट केली होती. फुलं, फेटे, घोडी, घोडीचा विमा, सगळं त्यात होतं. लायसन्सच्या ओळीपुढे लिहिलं होतं "सोमवार, पाच जुलै". त्या वर्षी चार जुलै, म्हणजे इथला स्वातंत्र्यदिन, रविवारी आला आणि सरकारनं सुट्टी दिली सोमवारी. त्यामुळे सोमवारी हे दोघं कचेरीच्या बंद दारावरची पाटी वाचून परत आले. मंगळवारी निमिषचा मित्र कुश साक्षीला येणार होता. दुपारी पावणेतीनला त्याचा फोन आला, की ऑफिसात प्रॉडक्शन डाउन, म्हणजे चालू सिस्टिमच बंद पडलीय, निघता येत नाही. मग निमिषनं आमच्याकडे फोन केला.

"मावशी, प्लीज, पंधरा मिनिटांचं काम आहे. फक्त एक सही. चारला खिडकी बंद होते यार, म्हणजे... मावशी."

हिशोब सरळ होता. मंगळवारी चारच्या आत अर्ज गेला तर शुक्रवारी चारला लायसन्स आणि शनिवारी लग्न. नाही गेला तर सव्वातीनशे पाहुण्यांचं नुसतं जेवण. हॉल पुढे थेट नोव्हेंबरमध्ये मोकळा होता, आणि निमिषचे आईवडील गुरुवारी साताऱ्याहून येणार होते ते तीन आठवड्यांसाठीच. वसुधानं लगेच साडी बदलली, पर्समध्ये पासपोर्ट टाकला आणि मला म्हणाली, "अहो, गाडी काढा."

तीन वीसला आम्ही कचेरीत पोचलो. खिडकी एकच. लग्नाचं लायसन्स तिथंच मिळतं आणि कुत्र्याचंही तिथंच. आमच्या मागे एक लाल टोपीवाला गृहस्थ कुत्र्याच्या इंजेक्शनचा कागद घेऊन उभा होता. खिडकीत मिसेस कोवाल्स्की नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी निमिषचा पासपोर्ट बघितला, आश्लेषाचं ड्रायव्हिंग लायसन्स बघितलं, फॉर्म टाइप केला आणि तिघांपुढे सरकवला.

"उजवा हात वर करा," त्या म्हणाल्या. "या अर्जातला मजकूर आपल्या माहितीप्रमाणे खरा आहे अशी तिघांनी शपथ घ्यायची आणि खाली सह्या करायच्या."

निमिषनं हात वर केला. आश्लेषानं वर केला. वसुधानं पर्समधून चष्मा काढला.

"सगळा मजकूर?" तिनं विचारलं.

"सगळा."

"मग मी आधी वाचते."

ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. बोट ठेवून. निमिषच्या नावावरून बोट खाली आलं, जन्मतारखेवर थांबलं, आणि थांबूनच राहिलं.

"निमिष, ही तारीख चुकलीय."

"नाही मावशी, एक जून. पासपोर्टवर तीच आहे."

"पासपोर्टवर असेल. तू नागपंचमीचा आहेस. अकरा ऑगस्ट."

महाराष्ट्रातल्या माणसाला यात काही नवीन नाही. एक जून हा आमच्याकडे हेडमास्तरांनी बहाल केलेला जन्मदिवस. पोराला शाळेत घालताना वय दोन-अडीच महिन्यांनी कमी पडत होतं, तेव्हा बापानं हेडमास्तरांपुढे हात जोडले आणि हेडमास्तरांनी रजिस्टरात एक जून लिहून टाकलं. निमिषच्या वर्गात त्रेचाळीस मुलं होती, त्यातली एकोणतीस एकाच दिवशी जन्मली होती. तीच तारीख मग दहावीच्या सर्टिफिकेटवर चढली, तिथून पासपोर्टवर, तिथून अमेरिकन सरकारच्या प्रत्येक कागदावर. हे सगळे जाणतात आणि कुणी बोलत नाही. बोललं कोण, तर आमची ही. बोलायची जागा कुठली, तर टाउनशिपची कचेरी.

"वेट," आश्लेषा म्हणाली. "व्हॉट डू यू मीन, तू नागपंचमीचा?"

"आश्लेषा, इट्स अ लाँग स्टोरी."

"मी लास्ट मंथ तुझी सरप्राइज पार्टी केली. वन जूनला. फॉर्टी फ्रेंड्स, निमिष! मी दोन दिवस केक करत होते. अँड यू क्राइड!"

"मी खरंच सरप्राइज झालो होतो यार," निमिष म्हणाला.

मिसेस कोवाल्स्कींनी चष्म्यावरून बघत विचारलं, काही अडचण आहे का? नवरानवरी एकदम "नो" म्हणाले आणि वसुधा "येस" म्हणाली. मग तिनं त्यांना इंग्रजीतून सगळं सांगितलं. काही म्हणजे काही गाळलं नाही. तिची बहीण बाळंतपणासाठी माहेरी कराडला आली होती. तो दिवस नागपंचमीचा, सोमवार. आमच्याकडे नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. वसुधा बागेतल्या झोक्यावर होती, तिथून तिला ओढून नेलं आणि हातात थर्मास देऊन प्रसूतिगृहात पाठवलं. घरी पुरणाची दिंडं उकडली होती, त्यातलं तिला एकही मिळालं नाही. बाळ झालं तेव्हा माझ्या सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, आज नागपंचमी आहे, आज नाळ कापायची नाही, उद्या सकाळी कापा.

"मग?" मिसेस कोवाल्स्कींनी हनुवटीखाली हात घेतला होता.

"डॉक्टरीणबाईंनी कापली. माझी आई त्यांच्याशी जन्मभर बोलली नाही."

"माझ्या कुत्र्याचंही तसंच आहे," मागून लाल टोपीवाला म्हणाला. "खरा वाढदिवस कुणालाच माहीत नाही. शेल्टरवाल्यांनी अंदाजे लिहिला."

निमिषनं त्याच्याकडे बघितलं ते खाऊ की गिळू असं. मिसेस कोवाल्स्की भल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "हे बघा, पासपोर्टवर जे आहे तेच मी टाइप करणार. माझी काही हरकत नाही. पण साक्षीदार शपथ घेणार नसेल तर हा अर्ज मला घेता येणार नाही. दुसरा साक्षीदार आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काहीच अडचण नव्हती. मी एक जूनच काय, एकतीस फेब्रुवारीलाही सही केली असती. मी छाती पुढे काढून खिडकीशी गेलो, मागच्या खिशात हात घातला, आणि पाकीट नव्हतं. ते घरच्या पँटमध्ये राहिलं होतं, आणि ओळखपत्र त्यात. रस्ता खणून ठेवल्यामुळे येतानाच पंचवीस मिनिटं लागली होती, तेव्हा घरी जाऊन यायलाही वेळ नव्हता.

"म्हणजे तुम्ही लायसन्स नसताना गाडी चालवलीत?" वसुधानं विचारलं.

"दोन मैल," मी म्हणालो.

"परत जाताना मी चालवणार."

"मी करू का सही?" लाल टोपीवाल्यानं विचारलं. "आता मला हा मुलगा बऱ्यापैकी माहीत झालाय." मिसेस कोवाल्स्कींनी त्याला बोटानं दोन पावलं मागे जायला सांगितलं. घड्याळात साडेतीन वाजले होते.

मी वसुधाला बाजूला घेतलं. म्हटलं, अगं, पोराचं लग्न आहे. ती म्हणाली, "मला कळत नाही का? मला काय हौस आहे? पण हात वर करून शपथ घ्यायची आणि खोट्यावर सही करायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही हो." निमिषला अंगाखांद्यावर खेळवलं होतं तिनं. त्याचं लग्न तिच्या सहीवाचून अडावं, याचं तिला माझ्यापेक्षा दसपट वाईट वाटत होतं. आणि तरी ती सही करणार नव्हती. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी जात आहे ही.

तोवर पलीकडे वेगळंच प्रकरण पेटलं होतं. आश्लेषा भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली होती आणि निमिष तिच्यापुढे उभा राहून हातवारे करत होता.

"अगं, फर्स्ट डेटला तू माझं लायसन्स बघितलंस. बघून म्हणालीस, 'ओह माय गॉड, जेमिनी!' तुला जेमिनीच, मिथुन राशीचाच हवा होता. तू एवढी खूष झालीस! म्हटलं, नंतर सांगू."

"नंतर कधी?"

"राहून गेलं. आणि मग तू केक केलास. मग कसं सांगणार?"

"अकरा ऑगस्ट म्हणजे तू लिओ आहेस," आश्लेषा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "रास गेली खड्ड्यात, निमिष. दोन वर्षं. एव्हरी डे आय टॉक टु यू. आणि तुझा बर्थडे कधी असतो ते मला इथे कळतं, डॉग लायसन्सच्या लाइनमध्ये. आणखी काय काय सांगायचं राहिलंय?"

मला आतापर्यंत हसू येत होतं, ते आटलं. आता तारखेचा प्रश्न राहिला नव्हता. खिडकी बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती, आणि ही मुलगी चार दिवसांनी ज्याच्या गळ्यात हार घालणार होती त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

मग ती उठली. जॅकेट सरळ केलं. खिडकीशी आली आणि वसुधासमोर उभी राहिली. पुढे लग्नात मला कळलं, की ती कोर्टात उलटतपासणीला उठते तेव्हा अशीच जॅकेट सरळ करते.

"मावशी, काही क्वेश्चन्स विचारू?"

"विचार."

"तुम्ही बेबीचा बर्थ पाहिला? विथ युअर ओन आइज?"

"नाही. मी व्हरांड्यात होते. मुलीबाळींना आत कोण सोडतंय?"

"मग बेबी झाला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नर्सनं. ती बाहेर येऊन म्हणाली, मुलगा झाला."

"तिनं बाळ दाखवलं?"

"नाही. बाळ मी दुसऱ्या दिवशी पाहिलं."

"आणि ते नाळेचं भांडण?"

"ते मी ऐकलं. दाराबाहेरून."

"ऐकलं. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये दुसरी कुणी डिलिव्हरीला होती का?"

वसुधानं आठवून बघितलं. "होती," ती म्हणाली. "मलकापूरची एक बाई होती."

"तिला काय झालं?"

"तिलाही मुलगाच झाला, म्हणे."

"म्हणे," आश्लेषा म्हणाली. "सो तुम्ही आतमध्ये नव्हता. नर्सनं सांगितलं ते तुम्ही ऐकलं. आणि नर्स कोणत्या बेबीबद्दल बोलत होती, हे तुम्हाला माहीत नाही."

"म्हणजे मी कोण मग?" निमिष ओरडला.

"यू बी क्वाएट," आश्लेषा म्हणाली. "मावशी, तुम्ही जे सांगता ते सगळं हिअरसे आहे. तुम्ही पाहिलेलं नाही."

वसुधाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ती हरली होती आणि तिला हरल्याचा आनंद झाला होता. "ऐकीव पुरावा," ती मराठीत म्हणाली. "आमचे वडील म्हणायचे, डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. कानांनी ऐकलेलं कोर्टात चालत नाही. खरंच की. मी पाहिलेलं कुठाय? माझ्या माहितीप्रमाणे म्हणजे या कागदाप्रमाणेच." नंतर लग्नाच्या पंगतीत आश्लेषानं माझ्या कानात सांगितलं, की हा युक्तिवाद खऱ्या जज्जापुढे केला असता तर त्यानं तिला हाकलून दिलं असतं. पण जज्ज तिथे नव्हता, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी होती, आणि तिनं आपणहून उजवा हात वर केला.

मिसेस कोवाल्स्कींनी घाईघाईनं शपथ दिली. वसुधानं सही केली, ठसठशीत, आडनावासकट. तिनं पेन निमिषकडे दिलं, त्यानं सही केली, आणि पेन आश्लेषापुढे धरलं. आश्लेषानं ते घेतलं नाही. तीन अठ्ठेचाळीस झाले होते.

"एक मिनिट," ती म्हणाली. "मावशी, यू आर स्टिल अंडर ओथ. अजून एकच क्वेश्चन. हिअरसे नको. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलंय, तेवढंच सांगा. हा माणूस चांगला आहे का?"

मी डोळे मिटले. कारण वसुधा कुणालाही उगाच चांगलं म्हणत नाही. मला तिनं अजून म्हटलेलं नाही.

"हा खोटं बोलतो," वसुधा म्हणाली.

निमिषचं तोंड एवढंसं झालं.

"२००१ च्या ऑगस्टमध्ये यांची नोकरी गेली," तिनं माझ्याकडे बोट केलं. शपथेवर होती म्हणून पुढचं सगळं तिनं मिसेस कोवाल्स्कींनाही कळावं असं इंग्रजीतून सांगितलं. "टेलिफोन कंपनीनं एका दिवसात चारशे माणसं काढली. त्यानंतर हे आठ महिने घरात बसून होते. दाढी करेनात, पडदे उघडू देईनात, कुणाशी बोलेनात. कुणी मुद्दाम भेटायला आलं की वरच्या खोलीत जाऊन बसायचे. तेव्हा हा दर शनिवारी सकाळी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन यायचा. म्हणायचा, काका, आमच्या बिल्डिंगचं वॉशिंग मशीन बंद आहे. कपडे धुऊन होईपर्यंत दोन तास बसायचा. मग म्हणायचा, काका, नुसतं बसून काय करायचं, चला चक्कर मारून येऊ. काका, माझ्या गाडीचा आवाज येतोय, जरा बघता? काका, तुमचा रेझ्युमे दाखवा, मला फॉरमॅट हवाय. एक शनिवार चुकवला नाही यानं. आठ महिने."

"मशीन खरंच बंद होतं," मी म्हणालो. मला चांगलं आठवत होतं. त्या मशीनबद्दल मी त्याच्या घरमालकाला दोन पानी तक्रारीचं पत्र लिहिलं होतं, आणि ते निमिष स्वतः नेऊन देणार होता.

"मशीन चालू होतं," वसुधा म्हणाली. "मी एकदा याला डबा द्यायला गेले, तेव्हा तळघरात जाऊन पाहिलं. तीन मशीनं होती, तिन्ही चालू. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि यांनी पहिल्यांदा आपणहून दाढी केली ती एका शनिवारी, हेही पाहिलंय. चांगला आहे की नाही ते तू ठरव. मला एवढंच माहीत आहे."

लाल टोपीवाल्यानं टोपी काढली होती. मी निमिषकडे बघितलं, तर तो पायाखालच्या फरशीकडे बघत होता. कान लाल झाले होते. आश्लेषानं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. मग पेन खाली ठेवून त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली.

"इलेव्हन ऑगस्टला केक मिळणार नाही," ती म्हणाली. "जी काय ती उकडलेली थिंग असते, ती तू करायची. मला, मावशीला आणि काकांना."

मिसेस कोवाल्स्कींनी तीन चोपन्नला शिक्का मारला आणि म्हणाल्या, "शुक्रवारी, तीन चोपन्नला या. एक मिनिट आधी नाही." मग त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि "नेक्स्ट" म्हणून हाक मारली.

परतताना गाडी वसुधानं चालवली. मी शेजारी बसलो. पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली. मला त्या पोराचा राग आला होता, स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याला जाऊन मिठी मारावीशीही वाटत होती. ज्या घरमालकाला मी तीन वर्षं शिव्या घातल्या, तो घरमालक बिचारा निर्दोष होता.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"आणि तू मला बोलली नाहीस? तू? अर्ध्या लाडवाची कबुली देणारी बाई?"

"खोटं बोलले नाही मी. तुम्ही कधी विचारलंत का मला, की मशीन खरंच बंद आहे का?"

नव्हतं विचारलं. मी तीस वर्षं इंजिनियरिंग केलेला माणूस. एक वॉशिंग मशीन सलग आठ महिने कुणालाच दुरुस्त करता येत नाही, ही गोष्ट मी दर शनिवारी ऐकून घेतली, मान डोलावली, आणि बायकोला एकदाही विचारलं नाही. सिग्नल हिरवा झाला.

"बरं केलं मी, नाही विचारलं ते," मी म्हणालो.

"हो," वसुधा म्हणाली, आणि तिनं गाडी पुढे काढली.